नाकातल्या नळीने घरी फीड: पोट भरतंय, पण अंगी का लागत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६८ वर्षांच्या, साधारण ६० किलो वजनाच्या आईला पक्षाघाताचा झटका आला, त्याला आता पाच आठवडे होत आले. गिळता येत नाही म्हणून रुग्णालयातून घरी सोडलं ते नाकात नळी ठेवूनच. डिस्चार्जच्या कागदावर 'आरटी फीड, २०० मिली, दर दोन तासांनी' एवढी एकच ओळ (आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, नाकातून पोटात जाणारी नळी). घरचे पेज, वरणाचं पाणी, शहाळं, ताक, फळांचा रस असं नेमाने देत आहेत. तरी तीन आठवड्यांत वजन उतरलं, आई दिवसभर गुंगीत असते, मधूनच जुलाब होतात, नळी दोनदा तुंबली. आता डॉक्टर पोटातून नळी घालू म्हणतात. चुकतंय काय, आणि पोटातून नळी घालावी का?

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो: तुमच्या आई बहुधा उपाशी आहेत. वेळा चुकलेल्या नाहीत, मापही चुकलेलं नाही, पण मापात जे भरलं जातंय त्यात फारसं काही नाही. पातळ पेजेच्या २०० मिलीमध्ये जेमतेम ५० कॅलरी असतात. वरणाच्या वरच्या पाण्यात त्याहूनही कमी. शहाळ्याच्या २०० मिली पाण्यात ४० च्या आसपास, पातळ ताकाचंही तसंच. फळांचा रस ९०–१०० पर्यंत जातो, पण त्यात प्रथिनं नसतात. असे दिवसाचे आठ फीड धरले तर बेरीज ४००–५०० कॅलरींच्या पुढे जात नाही. ६० किलोच्या अंथरुणावरच्या माणसाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी, म्हणजे दिवसाला १५०० ते १८०० लागतात. प्रथिनं किलोमागे निदान १ ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम. अंगावर जखम किंवा बेडसोअर असेल तर १.२ ते १.५ पट. पाणी, फीडमधलं धरून, किलोमागे ३० मिलीच्या आसपास, म्हणजे १८०० मिली.

तोंडाने खाणाऱ्या माणसाला कमी पडलं तर तो मागून घेतो. नळीवरच्या माणसाचं पोट पाण्यानेही तात्पुरतं भरतं आणि तक्रार करायला तोंड उघडत नाही. त्यामुळे हा हिशेब घरच्यांनीच ठेवायचा असतो, वही घेऊन.

गुंगीचं दुसरं एक कारण इथे वारंवार सापडतं: रक्तातलं सोडियम उतरणं. पेज, शहाळं, रस या कशातच फारसं मीठ नाही. वर पाणी भरपूर जातंय. त्यातून रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर सोडियम आणखी खाली येतं. माणूस सुस्तावतो, हाक मारली की उशिरा ओ देतो, आणि घरच्यांना वाटतं झटक्याचाच परिणाम. म्हणून उद्याच्या उद्या रक्त तपासून घ्या: सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, क्रिएटिनीन. गुंगी एकदम वाढली असेल, एखादा हात-पाय नव्याने लुळा पडला असेल किंवा ताप असेल तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालयात न्या. दुसरा झटका किंवा छातीतला संसर्ग असाही दिसतो.

आणि हे वाचून आजच पूर्ण १६०० कॅलरी सुरू करू नका. बरेच दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास लागतो, यात माणूस दगावूही शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून आधी थायामिन (जीवनसत्त्व बी-१) सुरू करायचं, किलोमागे १० कॅलरी, म्हणजे ६०० पासून सुरुवात करायची, आणि रक्ताचे आकडे बघत पाच-सात दिवसांत पूर्ण मात्रेला पोचायचं. ही घाई न करण्याची गोष्ट कागदावर क्वचितच लिहिलेली असते.

आता फीड कसं करायचं. बाजारात तयार पावडरी मिळतात. नेमक्या मापाने कालवल्या की १ मिलीमध्ये १ कॅलरी पडते, गुठळी होत नाही, जीवनसत्त्वं आणि क्षार मोजून असतात. खर्च परवडत असेल तर निम्मे फीड पावडरीचे आणि निम्मे घरचे हा चांगला मार्ग आहे. फक्त डब्यावर लिहिलेलं माप पाळा. दोन चमचे पावडर ग्लासभर पाण्यात हलवून दिली तर ते पुन्हा रंगीत पाणीच.

घरचं फीड १ लिटरसाठी असं जमतं. गाईचं दूध ६०० मिली, साय न काढलेलं. बिनसायीच्या दुधाची पावडर ३० ग्रॅम. सालं काढलेली मूगडाळ ३० ग्रॅम. मोड आणून, वाळवून, दळलेल्या नाचणीचं पीठ ३० ग्रॅम. शेंगदाणा किंवा सोयाबीन, जे घरात असेल ते तेल २० मिली. साखर ३० ग्रॅम. बाकी पाणी, एकूण १ लिटर भरेपर्यंत. यात साधारण १००० कॅलरी आणि ३८ ग्रॅम प्रथिनं येतात. दिवसाला १६०० मिली दिलं की १६०० कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं होतात.

डाळ कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या देऊन लोण्यासारखी मऊ करा. नाचणीचं पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवा आणि सावकाश तापवा. धान्याला मोड आला की त्यात पिष्ट तोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. पीठ हळूहळू तापताना ते काम करतं आणि खळ सैल पडते. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं किंवा पीठ आधी खमंग भाजून ठेवलं तर विकर मरतं, फीड घट्ट होतं, मग ते नळीतून जावं म्हणून घरचे पाणी ओततात आणि कॅलरी पुन्हा निम्म्या. नाचणीचं सत्त्व इथे चालत नाही. ते गाळून, निवळून काढलेलं असतं, त्यात जवळपास पिष्टच उरतं. नाचणी शिजली की दूध घालून एक उकळी आणा, डाळ, दूध पावडर, साखर, तेल घालून मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा. मग चहाच्या गाळण्याने एकदा आणि धुतलेल्या मलमलच्या फडक्याने पुन्हा एकदा गाळा. एकदा गाळून भागत नाही. नाचणीचा कोंडा आणि डाळीची एखादी कणी, एवढ्यानेच नळी बसते.

मधुमेह असेल तर साखर वगळा आणि कमी पडलेल्या कॅलरी तेलाने आणि डाळीने भरून काढा. मूत्रपिंड कमजोर असेल तर दूध, डाळ आणि शहाळं या तिन्हींचं प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या, कारण पोटॅशियम वाढतं. दूध पचत नसेल, पोट फुगून पाण्यासारखं होत असेल तर दुधाऐवजी ताजं, गोड दही घुसळून आणि उकडलेलं अंडं बारीक वाटून घ्या. कच्चं अंडं फेटून नळीतून देण्याची पद्धत अजून दिसते. ती सोडा, कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्ग होतो. मिठाचं म्हणाल तर डॉक्टरांनी मना केलेलं नसेल तर दिवसभराच्या फीडमध्ये मिळून अर्धा चमचा मीठ घालायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे माप तेच ठरवतील. जीवनसत्त्वांचं पातळ औषध मात्र बहुतेक सगळ्यांना लागतं, घरच्या फीडने ते पूर्ण होत नाही.

फीड गार करून लगेच फ्रिजमध्ये ठेवा, २४ तासांत संपवा, उरलं तर टाका. एका वेळेला लागेल तेवढंच बाहेर काढून वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. बाहेर काढलेलं फीड दोन तासांहून जास्त ठेवू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात तर तासाभरातच वापरा. जुलाबांचं एक मोठं कारण हेच असतं: सकाळी एकदम केलेलं पातेलं ओट्यावर दुपारपर्यंत झाकून ठेवलेलं. मिक्सरच्या भांड्याची रबरी चकती आणि सिरिंजचा दट्ट्या यांच्या फटींत दूध साठतं, तेही रोज सुटं करून साबणाने धुवायला हवं.

जुलाबांची दुसरी कारणं: फीड फार भराभर गेलेलं, गार फीड, नुकताच दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स, आणि पातळ औषधांमधलं सॉर्बिटॉल (गोडीसाठी घातलेला पदार्थ). गोळीऐवजी सिरप बरं म्हणून सगळी औषधं सिरपमध्ये घेतली तर हे सॉर्बिटॉल बरंच पोटात जातं. जुलाब झाले म्हणून फीड बंद करून पुन्हा पेजेवर येऊ नका. फीड थोडं हळू द्या, कारण शोधा, आणि पाण्याची-मिठाची भर ओआरएसने करा. दिवसाला चार-पाचपेक्षा जास्त पातळ जुलाब, ताप किंवा रक्त असेल तर तपासणी हवी.

आता नळी. तुमच्या आईंच्या नाकात बहुधा १४ किंवा १६ नंबरची, पीव्हीसीची राइल्स ट्यूब असेल. लंडनचे डॉक्टर जॉन राइल यांनी १९२१ च्या सुमारास ही नळी पोटातला पाचकरस बाहेर काढून तपासण्यासाठी तयार केली. आपण ती अन्न घालायला वापरतो. पीव्हीसी मऊ ठेवणारा घटक पोटातल्या आम्लात हळूहळू निघून जातो आणि नळी कडक होते, नाकाला आणि घशाला टोचते. म्हणून ती आठ-दहा दिवसांनी, फार तर दोन आठवड्यांनी बदलावी लागते. तीन-चार आठवडे लागणार असं दिसत असेल तर पॉलियुरेथेनची किंवा सिलिकॉनची, १० किंवा १२ नंबरची बारीक, मऊ नळी मागा. ती महाग पडते, पण चार ते सहा आठवडे टिकते. फक्त बारीक नळीला दोनदा गाळलेलं फीडच लागतं.

नळी बदलल्यावर ती पोटात आहे की श्वासनळीत, हा सगळ्यात धोक्याचा प्रश्न. पक्षाघाताच्या रुग्णाला ठसका येईलच असं नाही. नळी फुप्फुसात जाऊनही माणूस शांत पडून राहू शकतो. सिरिंजने हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून 'आवाज आला' म्हणणं हा पुरावा नाही, कारण नळी फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत असली तरी तसाच आवाज ऐकू येतो. नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणंही तसंच फसवं. दोनच गोष्टींवर विसंबा. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी येणं, किंवा छातीचा एक्स-रे. निळा लिटमस कागद पुरेसा नाही, आकडे दाखवणारी पट्टीच हवी. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर पोटातला पीएच ६ च्या वर जाऊ शकतो. मग शंका ठेवा आणि एक्स-रे करा. घरी नळी बदलायला येणाऱ्या नर्स किंवा ब्रदरला 'पीएच किती आला' हे विचारणं तुमचा हक्क आहे.

घशाचं, जिभेचं किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांसाठी वेगळी सूचना, कारण तंबाखू-गुटख्याच्या कर्करोगामुळे आपल्याकडे अशी माणसं गावोगाव आहेत. त्यांची नळी निसटली तर घरी किंवा जवळच्या दवाखान्यात ती पुन्हा घालू नये. नळी आतल्या टाक्यांतून घुसू शकते. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या टीमला फोन करून तिथेच जायचं.

नळी नीट बसली आणि तपासली की नाकपुडीशी जो सेंटिमीटरचा आकडा आहे (मोठ्या माणसात बहुधा ५० ते ६० च्या दरम्यान) तो वहीत लिहा आणि त्याच जागी नळीवर पक्क्या शाईच्या पेनाने रेघ मारा. प्रत्येक फीडआधी ही रेघ बघायची. रेघ बाहेर सरकली असेल, तोंड उघडून टॉर्चने बघितल्यावर घशात नळीचा वेटोळा दिसला, उलटी किंवा जोराचा खोकला होऊन गेला असेल, तर फीड नाही. बाहेर आलेली नळी 'तेवढीच आत ढकलू' असं कधीच करायचं नाही.

एक फीड कसा द्यावा ते नीट सांगतो, कारण चुका इथेच होतात.

आधी डायपर बदलणं, कूस वळवणं, पाठ थोपटणं, हे सगळं उरकून घ्या. फीडनंतर हे केलं की उलटी होते. मग आईंना किमान ३० अंश, जमलं तर ४५ अंश उठवून बसवा. नुसत्या दोन उशा मानेखाली दिल्या तर मान पुढे वाकते आणि पोट दाबलं जातं. कमरेपासून वरचा भाग उचलला गेला पाहिजे. फाउलर पलंग (डोक्याकडचा भाग वर उचलता येणारा) नसेल तर पाठीमागे लाकडी पाट किंवा उलटी ठेवलेली खुर्ची लावून त्यावर गादी-उशी द्या, आणि घसरू नये म्हणून गुडघ्यांखाली लोड. लुळ्या बाजूचा हात उशीवर.

हात धुवा. रेघ बघा. नळी चिमटीत धरून झाकण काढा, ५० मिलीची रुंद तोंडाची फीडिंग सिरिंज लावा आणि हळू ओढा. फाटलेल्या दुधासारखं, पाणीदार किंवा फिकट हिरवट येईल. काहीच आलं नाही तर त्यांना डाव्या कुशीला वळवा, १०–२० मिली हवा हळू सोडून नळीचं टोक मोकळं करा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओढा. आलेलं पाणी २०० मिलीहून जास्त असेल तर तास-दीड तास थांबून पुन्हा बघा. दोन फीडच्या वेळा सलग असंच झालं किंवा पोट टणक फुगलं तर डॉक्टरांना कळवा. ओढलेलं पुन्हा सावकाश आत सोडायचं, त्यात शरीराचे क्षार असतात. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट किंवा लालसर आलं तर मात्र ते फेका, फीड थांबवा आणि रुग्णालयात चला; ते रक्त असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांत हे दुर्लक्षून चालत नाही.

मग ३० मिली कोमट पाणी. त्यानंतर सिरिंजचा दट्ट्या काढून टाका. फीड दाबून आत ढकलायचं नाही. सिरिंज पोटापासून वीतभर-दोन वीत वर धरा आणि फीड आपल्या वजनाने उतरू द्या. २०० मिलीला पंधरा ते वीस मिनिटं लागली पाहिजेत. भराभर उतरलं तर सिरिंज खाली आणा, अडलं तर थोडी वर. सिरिंज रिकामी होण्याआधी पुढचं ओता, म्हणजे मध्ये हवा जात नाही. चेहऱ्याकडे लक्ष ठेवा: ठसका, घशात घरघर, ओठ निळसर, श्वास भरभर, यांपैकी काहीही दिसलं की नळी चिमटीत धरा आणि थांबा. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, झाकण, आणि पुढचा तासभर बसलेल्याच अवस्थेत. रात्री ८ च्या फीडनंतर साडेनऊपर्यंत आडवं करायचं नाही. सकाळी ६ पासून रात्री ८ पर्यंत दर दोन तासांनी आठ फीड बसतात, रात्री झोप. प्रत्येक फीडमागचं ६० मिली पाणी धरून दिवसाला ४८० मिली जास्तीचं पाणी होतं, औषधांबरोबरचं वेगळं. फीडमध्येच १३०० मिलीच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे एकूण हिशेब जुळतो. उन्हाळ्यात, ताप असताना, किंवा लघवी गडद दिसली तर मधल्या वेळात १०० मिली एक-दोनदा वाढवा.

नळी तुंबते ती मुख्यतः औषधांनी. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून फीडमध्ये कालवण्याची सवय मोडा. एक गोळी, अगदी बारीक पूड, १५–२० मिली पाण्यात विरघळवून द्यायची. मग १५ मिली पाणी, मग दुसरी गोळी. आणि कुटण्याआधी गोळीच्या पाकिटावर बघा. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी हळूहळू सुटणारी असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. रक्तदाब, हृदय, मधुमेह आणि फिटच्या औषधांत अशा गोळ्या पुष्कळ आहेत. पँटोप्राझोल आणि काही ॲस्पिरिन यांच्यावर पोटात विरघळू नये म्हणून लेप असतो. कुटल्यावर तो निकामी होतो. या सगळ्यांना पर्याय मिळतात. डॉक्टरांना 'नळीतून द्यायचं आहे' एवढं सांगितलं की ते औषध बदलून देतात. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर आधी आणि नंतर निदान एकेक तास फीड देऊ नका, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही आणि फिट येऊ शकते. बद्धकोष्ठासाठी इसबगोल नळीतून कधीच नाही. ते नळीतच फुगतं. लिंबूपाणी, मोसंबीचा रस, सूपमधलं टोमॅटो हे दुधाच्या फीडला लागून दिलं की दूध नळीत फाटतं आणि दह्यासारखी गाठ बसते. मध्ये भरपूर पाणी हवं.

तुंबलीच तर ५० मिलीच्या सिरिंजमध्ये कोमट पाणी घेऊन हळू पुढे-मागे, पुढे-मागे करा. पाणी तसंच नळीत ठेवून झाकण लावा, वीस मिनिटांनी पुन्हा करा. लहान सिरिंजने जोर लावू नका. ५ किंवा १० मिलीच्या सिरिंजने फार दाब पडतो आणि नळी आत फाटते. तार, दोरा काहीही घालू नका. कोला ओतण्याचा उपाय लोक सांगतात, पण त्याच्या आम्लाने दुधाची गाठ आणखी घट्ट होते. दोन-तीन वेळा करून सुटली नाही तर नळी बदलायची.

इन्शुलिन चालू असेल तर क्रम महत्त्वाचा. नळी जागेवर आहे, पोट तुंबलेलं नाही, हे आधी बघा आणि मगच इन्शुलिन द्या. इन्शुलिन दिलं आणि नळी निघाली किंवा उलटीत फीड बाहेर आलं तर साखर एकदम खाली जाते. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला आणि नळी जागेवर असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यात घालून नळीतून द्या. नळी नसेल तर तोंडात पाणी-सरबत न ओतता लगेच रुग्णालयात न्या.

तोंडाने काही जात नाही म्हणून तोंड साफ करायचं राहून जातं, आणि न्यूमोनियाचं बरंचसं मूळ तिथे असतं. न खाणाऱ्या तोंडात जंतू जास्त माजतात, आणि ती लाळच नकळत फुप्फुसात उतरते. मऊ ब्रशने दिवसातून निदान दोनदा दात, जीभ, टाळू घासा. माणूस कुशीवर, तोंड किंचित खाली, आणि ओल्या गॉजने पुसून घ्यायचं, चूळ भरायला द्यायची नाही. ओठांना तूप किंवा व्हॅसलीन. भेटायला आलेले नातेवाईक प्रेमाने चमचाभर पाणी किंवा तीर्थ तोंडात घालतात, त्यांना हात जोडून थांबवा. बोट ओलं करून ओठांना लावलं तरी पुरे. नाकावरची चिकटपट्टी रोज बदला, नळी नाकपुडीच्या एकाच कडेला दाबलेली राहू देऊ नका, आणि नळी बदलताना दुसरी नाकपुडी घ्या.

आता पोटातल्या नळीचं. पेग म्हणतात ती हीच. एंडोस्कोप तोंडातून पोटात नेऊन, पोटाच्या भिंतीवर छोटं छिद्र पाडून नळी बाहेर काढतात. साधारण अर्ध्या तासाचं काम, पूर्ण भूल लागत नाही. ही पद्धत १९८० मध्ये अमेरिकेतल्या गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी प्रथम प्रसिद्ध केली, आणि मुळात ती लहान मुलांसाठी होती. पक्षाघातानंतर पहिले दोन-तीन आठवडे नाकातली नळीच बरी; २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फूड' या मोठ्या चाचणीत फार लवकर पेग केलेल्यांची स्थिती चांगली राहिली नव्हती. पण चार ते सहा आठवडे उलटले आणि गिळणं परतायची चिन्हं नसतील तर पेग चांगलं. नाक मोकळं होतं, नळी सहजी निसटत नाही, महिनोन्‌महिने टिकते, आणि नाकातल्या नळीला वारंवार हात घालणाऱ्या रुग्णाचे हात बांधावे लागत नाहीत. तुमच्या आईंना झटका येऊन पाच आठवडे होत आले आहेत, म्हणून डॉक्टरांचा सल्ला वेळेवर आहे. फक्त तीन गोष्टी आधी करा: सोडियम आणि फॉस्फरस ताळ्यावर आणा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या (किंवा थांबवायच्या का) ते मेंदूविकारतज्ज्ञांकडून लेखी घ्या, आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. एक गैरसमजही दूर करतो: पेगने फुप्फुसात लाळ किंवा उलटी जाणं थांबत नाही, बसवून फीड देणं आणि तोंड साफ ठेवणं तेवढंच लागतं. खूप पुढच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात मात्र पेगने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही, तिथे हाताने, जपून, थोडं थोडं भरवणंच योग्य. पण तुमच्या आईंचा प्रश्न तो नाही.

पेग केल्यावर नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने धुवून कोरडी करा. डॉक्टर सांगतील तेव्हापासून (बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी) नळी थोडी आत ढकलून गोल फिरवून परत जागेवर आणायची, नाहीतर आतली चकती पोटाच्या भिंतीत रुतते. पहिल्या महिन्यात नळी निघून आली तर ते छिद्र काही तासांत आकसतं, आणि वाट पक्की झालेली नसल्याने घरी पुन्हा घातलेली नळी पोटाऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. तेव्हा स्वच्छ गॉज लावून तडक रुग्णालयात.

गिळण्याच्या तपासणीबद्दल शेवटी, कारण ती नेहमी मागे पडते. पक्षाघातानंतर गिळणं बऱ्याच जणांत पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं, पण कोणी तपासलंच नाही तर नळी विनाकारण राहते. स्पीच थेरपिस्ट म्हणजे फक्त बोलायला शिकवणारे नव्हेत. गिळणं तपासणं आणि त्याचा व्यायाम घेणं हे त्यांचंच काम. गरज पडल्यास नाकातून बारीक कॅमेरा घालून किंवा एक्स-रेखाली बेरियम मिसळलेला घास देऊन घास नेमका कुठे जातो ते बघतात; ठसका न येता फुप्फुसात जाणारं अन्न असंच सापडतं. आई हाक मारल्यावर डोळे उघडून बघतात, सांगितल्यावर खोकू शकतात, स्वतःची लाळ गिळतात, गिळल्यावर आवाज ओला-घोगरा होत नाही, ही चिन्हं दिसली की वेळ घ्या. थेरपिस्टने परवानगी दिली की सुरुवात पाण्याने नाही, दाटसर पदार्थाने होते: घट्ट दही, मऊ शिरा, शिजवून वाटलेलं सफरचंद; एका वेळी चहाच्या लहान चमच्याने अर्धा चमचा, हनुवटी किंचित खाली, एक घास पूर्ण गिळल्यावरच दुसरा. तोंडाने जेवढं गेलं तेवढं वहीत लिहून नळीचं फीड तेवढंच कमी करायचं. सलग तीन-चार दिवस गरजेच्या तीन-चतुर्थांश कॅलरी आणि पुरेसं पाणी तोंडाने, ठसक्याशिवाय गेलं, की नळी काढायचा दिवस डॉक्टरांबरोबर ठरवा.